बिझनेस इकॉनॉमिक्सच्या पदवीला मंडळाने पैसे द्यावेत का?

शिष्यवृत्ती समितीकडून

सर्व सभासदांना नमस्कार,

दिग्रस, मानोरा, मेहकर या भागांतून आलेल्या अर्जांत एक पेच आहे. बारावी कॉमर्स झालेली मुलं नागपूरच्या खाजगी कॉलेजात बिझनेस इकॉनॉमिक्सची तीन वर्षांची पदवी घ्यायची म्हणतात. तालुक्याच्या अनुदानित कॉलेजात बी.कॉम. आहे आणि त्यातही हा विषय आहेच. नागपूरसाठी मदत द्यावी का? ज्यांना यातलं कळतं त्यांनी आकड्यांनिशी लिहावं, ही विनंती.

उत्तर: सिंगापूरहून

ताई, या हिशोबात फी हा सगळ्यात मोठा आकडा नाही, आणि आपला अर्जाचा फॉर्म मात्र फक्त फी विचारतो. पहिल्यांदा ते बदला.

मी अंदाजी आकडे धरतो. प्रत्येक अर्जातले खरे आकडे घालून पुन्हा करा. नागपूर: फी वर्षाला 80,000, खोली आणि मेस 84,000, आणि मुलगा कामाला लागला असता तर मिळाले असते ते 1,20,000 (महिना 10,000). एकूण 2,84,000. तालुक्याचं बी.कॉम.: फी, पुस्तकं आणि एसटीचा पास मिळून 20,000. घरी राहून वेचणीच्या दिवसांत आणि सुट्ट्यांत काम होतं, म्हणून बुडालेली कमाई 80,000 धरू. एकूण 1,00,000.

आता पैशाची किंमत, म्हणजे व्याज, वर्षाला 10 टक्के धरा. तीन वर्षांचा खर्च पदवीच्या शेवटापर्यंत आणायला 3.31 ने गुणायचं. नागपूरचा आकडा 9,40,000 होतो, तालुक्याचा 3,31,000. हा खर्च पुढच्या 15 वर्षांत वसूल व्हायचा असेल तर 7.606 ने भागायचं. म्हणजे बारावी पास मुलाच्या कमाईपेक्षा नागपूरवाल्याला महिन्याला सुमारे 10,300 रुपये जास्त मिळाले पाहिजेत, आणि तेही सलग 15 वर्षं. तालुक्याच्या बी.कॉम.ला 3,600 पुरतात.

यात वार्षिक पगारवाढ धरलेली नाही, म्हणून आकडे थोडे कडक आहेत. पण पदवीनंतरचे रिकामे महिनेही धरलेले नाहीत, आणि बहुतेकांचा हिशोब तिथंच फसतो. स्पर्धा परीक्षेच्या तयारीत एकच वर्ष कमाईविना गेलं की नागपूरच्या पदवीसाठी तो 10,300 चा आकडा 12,600 वर जातो. खर्चावर व्याज चढतं आणि आणखी एका वर्षाची कमाईही बुडते.

उत्तर: लंडनहून

भाऊ, हिशोब पटला, पण इथला पुरावा तर अर्थशास्त्राच्या बाजूनं आहे. इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या ब्रिटिश संशोधन संस्थेच्या 2020 च्या अहवालात कर आणि शैक्षणिक कर्ज वजा जाता पदवीचा आयुष्यभराचा सरासरी फायदा पुरुषांना 1,30,000 पौंड आणि स्त्रियांना 1,00,000 पौंड निघाला. अर्थशास्त्र त्यात अगदी वरच्या विषयांत आहे. त्याच अहवालात हेही आहे की पाचातल्या एकाला पदवी न घेता आर्थिकदृष्ट्या बरं झालं असतं. मग विषय चांगला असेल तर मुलांना का अडवायचं?

उत्तर: सिंगापूरहून

विषय चांगलाच आहे. प्रश्न असा की पगार विषयामुळे वाढतो, की मुळात हुशार मुलं त्या विषयाला जातात म्हणून तो वाढलेला दिसतो? याचं स्वच्छ उत्तर कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ विद्यापीठावरच्या, 2022 मध्ये छापून आलेल्या ब्लीमर आणि मेहता यांच्या अभ्यासात आहे. तिथं सुरुवातीच्या अर्थशास्त्राच्या पेपरांत ग्रेडची सरासरी चारपैकी 2.8 च्या खाली गेली की हा विषय घेणं अवघड होई. रेषेच्या जरासं वर आणि जरासं खाली असलेली मुलं सारख्याच कुवतीची. तरी अर्थशास्त्र मिळालेल्यांची सुरुवातीच्या वर्षांतली कमाई सुमारे 22,000 डॉलरनं, म्हणजे 46 टक्क्यांनी जास्त निघाली. म्हणजे विषयाचा स्वतःचा परिणाम आहे.

पण त्यातला जवळपास अर्धा परिणाम मुलं बँकिंग-वित्ताच्या उद्योगांत गेल्यामुळे आहे. आपल्या मुलांसाठी महत्त्वाचं हेच. दिग्रस-मेहकरला नोकरी देणार कोण? जिनिंग, पतसंस्था, अडत्या, बाजार समिती, शेतकरी उत्पादक कंपनी. तिथं विचारतात: टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) येतं का, जीएसटीआर-1 आणि 3बी ही जीएसटीची विवरणपत्रं भरता येतात का, बँकेचा जुळवणी तक्ता काढता येतो का. पदवीचं नाव कोणी वाचत नाही. बँकेच्या क्लार्क आणि अधिकारी परीक्षांना कोणतीही पदवी चालते. नाव कामाला येतं ते पदव्युत्तर पातळीवर: इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिस या केंद्र सरकारच्या सेवेच्या पात्रतेत अर्थशास्त्राच्या जोडीला बिझनेस इकॉनॉमिक्सचं स्पष्ट नाव आहे. त्या वाटेवर मुलं अडतात ती गणितात. अकरावीला गणित सोडलेल्यांना एम.ए.चा इकॉनोमेट्रिक्सचा (अर्थशास्त्रातल्या संख्याशास्त्राचा) पेपर फार जड जातो.

माझं मत: मुलाला गणित येत असेल आणि तो पुढे एम.ए. करून विदर्भाबाहेर जायला तयार असेल, तर नागपूर. नाहीतर तालुक्याचं बी.कॉम., आणि वाचलेल्या पैशातून टॅली-जीएसटीचा वर्ग.

उत्तर: टोरंटोहून

कर्जाचं कोणी बोललं नाही, म्हणून लिहिते.

4 लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा मार्जिन मागत नाहीत; त्यापुढे देशांतर्गत शिक्षणासाठी 5 टक्के घरून घालावे लागतात. 7.5 लाखांपर्यंत तारण नसतं, पण वडील सहकर्जदार असतात. इथंच कागद अडतो. कर्जमाफीच्या आशेवर पीककर्ज थकीत राहिलेलं असतं आणि क्रेडिट रिपोर्टमध्ये ते दिसतं. रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो. तो जानेवारीतच काढायला सांगा, म्हणजे खातं नियमित करायला किंवा आईला सहकर्जदार करायला वेळ राहील.

सोपं व्हावं म्हणून नागपूरचे फी-मेसचे पूर्ण 4,92,000 कर्ज धरले आणि दर 10 टक्के. हप्ते कोर्स संपून वर्षभरानं सुरू होतात. तोवर सरळव्याज 1,47,600 साचतं आणि मुदलात मिळवलं जातं. मग दहा वर्षांचा हप्ता 8,450. चालू व्याज दर महिन्याला भरत गेलात (पहिल्या वर्षी 1,367, तिसऱ्या वर्षी 4,100), तर हप्ता 6,500. मंडळाला मदत करायची तर हे व्याज भरणं फार मोलाचं आहे.

महाडीबीटीबद्दल, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलबद्दल: बीबीए-बीएमएस या व्यवस्थापनाच्या पदव्यांना 2024 पासून सीईटी आहे. व्यावसायिक कोर्सला राजर्षी शाहू योजनेची फी-सवलत हवी असेल तर प्रवेश कॅप फेरीतूनच, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच हवा. सीईटी चुकवून संस्था पातळीवर प्रवेश घेतला की ती सवलत जाते, आणि कॉलेजं हे आपणहून सांगत नाहीत. कोर्सच्या नावात बीबीए नसेल तर तो कोणत्या यादीत (व्यावसायिक की बिगर-व्यावसायिक) येतो हे प्रवेशाआधी विचारायचं. दुसरी अडचण आधारची: पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, अर्जात लिहिलेल्या खात्यात नव्हे. बँकेत जाऊन ही जोडणी एकदा तपासायची.

आणि वेळ. फी भरायची असते जून-जुलैत, नेमकी बियाणं-खताची घाई असते तेव्हा. कापसाचे चुकारे दिवाळीनंतर येतात, महाडीबीटीची रक्कम त्याहूनही उशिरा. या मधल्या सहा-आठ महिन्यांसाठी माणूस सावकाराकडे जातो आणि सवलतीत वाचलेलं व्याजात घालवतो. म्हणून माझी सूचना: डिसेंबरच्या कार्यक्रमात धनादेश वाटण्याऐवजी 15 जूनच्या आत पैसे द्या. निम्मी रक्कम बिनव्याजी उसनी ठेवा, महाडीबीटीचे पैसे आले की परत घ्या आणि पुढच्या जूनला दुसऱ्या घरी द्या.