धाकट्या भावाची जुगाराची देणी आधी फेडावीत की उपचार आधी सुरू करावेत? (सोलापूर)

नमस्कार.

माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा असून अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेबाचे काम पाहतो. त्याची मुलगी दुसरीत आहे. कॉलेजात असल्यापासून तो मित्रांबरोबर अधूनमधून आकडा लावत असे. रक्कम किरकोळ असल्यामुळे घरात कोणी ते मनावर घेतले नाही. पुढे मोबाईलवर पैसे लावून रमी सुरू झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा कायदा आला आणि ते ॲप बंद पडले, तेव्हा सुंठीवाचून खोकला गेला असे आम्हाला वाटले. परंतु त्यानंतर कोणीतरी त्याला क्रिकेटच्या सट्ट्याचा आयडी मिळवून दिला, ज्यात पैसे एजंटाकडे रोख द्यायचे असतात आणि संपल्यास उधारीवरही खेळता येते.

भावजयीचे दागिने गहाण असल्याची पतसंस्थेची नोटीस घरी आली, तेव्हा हे उघड झाले. त्याखेरीज दोन ॲपवरील कर्जे, दरमहा दहा टक्क्यांनी घेतलेले एका खासगी माणसाचे पैसे आणि सट्ट्याची उधारी आहे. एकूण आकडा सुमारे साडेसहा लाख सांगतो, पण प्रत्येक वेळी विचारल्यावर तो वाढतो. आईचे म्हणणे असे की हैदराबाद रस्त्याकडील मोकळी जागा विकून एकदाचे सगळे मिटवून टाकावे. भाऊ सिद्धेश्वराची शपथ घेऊन सांगतो की यापुढे महिन्याला ठरावीक रक्कमच लावीन, त्यापलीकडे एक रुपयाही नाही.

जागा विकावी का, मर्यादा घालून खेळू देणे शक्य असते का, आणि त्याची तयारी नसल्यास त्याला एखाद्या व्यसनमुक्ती केंद्रात थेट दाखल करता येते का, याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

समुपदेशक, विजापूर रस्ता

जागा सध्या विकू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. घरच्यांनी एकरकमी कर्ज फेडले की जुगारात अडकलेल्या माणसाच्या डोक्यावरचे ओझे उतरते, पतही पुन्हा उभी राहते आणि काही काळाने तोच खेळ मोठ्या रकमेने सुरू होतो. आधी उपचार आणि पैशांच्या नाड्या घरच्यांच्या हातात, मग हप्त्याहप्त्याने फेड, असा क्रम ठेवावा.

ठरावीक रकमेत खेळणे ज्याला जमते, तो गेलेले पैसे भरून काढण्यासाठी पुन्हा लावत नाही, उसने घेत नाही आणि घरी खोटे बोलत नाही. आपल्या भावाच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी घडून गेल्या आहेत, त्यामुळे त्याच्यासाठी मर्यादा शून्यच असली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात जुगाराचा विकार व्यसनांसोबतच नोंदलेला आहे. मटक्यात, म्हणजे आकड्यांच्या जुगारात, ओपन आणि क्लोज हे दोन निकाल लागेपर्यंत वाट पाहावी लागे. मोबाईलवर प्रत्येक चेंडूवर पैसे लावता येतात, आणि डाव व निकाल यांतले अंतर जितके कमी, तितकी पकड घट्ट. शिवाय राज्य लॉटरी आणि परवान्याच्या घोड्यांच्या शर्यती वगळता आपल्याकडे जबाबदारीने खेळण्याजोगा कायदेशीर जुगार जवळपास उरलेलाच नाही.

सिव्हिलमधील मानसोपचार विभागात त्याला दाखवावे. जुगारासाठी खास असे औषध नाही. विचार आणि वर्तन बदलण्याचे समुपदेशन हाच मुख्य उपचार आहे, मात्र सोबत नैराश्य किंवा दारू असल्यास त्यावर औषधे द्यावी लागतात. फोनवर बोलायचे असल्यास शासनाचा टेली मानस क्रमांक १४४१६ हा विनामूल्य असून चोवीस तास चालतो व तेथे मराठीत बोलता येते. सज्ञान माणसाला केवळ जुगार खेळतो म्हणून उचलून कोंडून ठेवणे मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये बसत नाही. तसे आश्वासन देणाऱ्या केंद्राकडे जाऊच नये. मी नसतो तर बरे झाले असते, अशा अर्थाचे तो काही बोलला, तर मात्र त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

देण्यांविषयी थोडे. सगळी देणी सारखी नसतात. पतसंस्थेचे कर्ज खरे आहे, तेथे जाऊन मुदत वाढवून मागावी. सट्ट्याची उधारी करार कायद्याच्या कलम ३० नुसार न्यायालयातून वसूल करता येत नाही. दहा टक्केवाल्याकडे सावकारीचा परवाना नसेल, तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात तक्रार करता येते. कर्ज देणाऱ्या ॲपना फोनमधील संपर्कयादी उघडण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. नातेवाइकांना धमक्या येत असतील तर सायबर गुन्ह्यांच्या १९३० या मदत क्रमांकावर कळवावे.

पूर्व भागातील गृहिणी

दादा, आमच्या घरात हे होऊन गेले आहे. पगाराचे खाते माझ्याबरोबर संयुक्त केले, त्यांच्या फोनवरील यूपीआय काढून टाकले, कार्डावरील ऑनलाइन व्यवहार बँकेच्या ॲपमधूनच बंद केले आणि रोजच्या चहा-पेट्रोलपुरते पैसे हातात दिले. दुसरे सिमकार्ड आहे का ते अवश्य पाहा. भिशीचा नंबर लागेल तेव्हा रक्कम तुमच्या भावजयीच्याच हाती यावी, हेही सांगून ठेवा. भावजयीने कोठे जामीन म्हणून सही केली आहे का, हे आधी विचारा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मी तेथूनच सल्ला घेतला होता.

प्रश्नकर्ता

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. आईला जागेचा विषय तूर्त थांबवण्यास राजी केले आहे. भाऊ सोमवारी सिव्हिलला येण्यास तयार झाला, पण मालकांना काही कळू नये असा त्याचा आग्रह आहे. कारखान्याची रोकड त्याच्याच हातून जाते, त्यामुळे गप्प राहणे मला पटत नाही. काय करावे?

समुपदेशक, विजापूर रस्ता

कारखान्याच्या पैशांना हात लागला आहे का, हे त्याला आजच एकांतात, न रागावता विचारावे. लागला असेल, तर मालकांशी बोलण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा. नसेल, तर आजाराचे नाव न घेता, प्रकृतीच्या कारणास्तव रोकड आणि बँकेचे काम काही महिने दुसऱ्याकडे द्यावे, अशी विनंती त्यानेच करावी; नोंदी लिहिण्याचे काम त्याच्याकडे राहू शकते. सोमवारी जाताना पतसंस्थेची नोटीस आणि बँक खात्याचा मागील सहा महिन्यांचा उतारा बरोबर घ्यावा, कारण तो सांगतो त्या आकड्यापेक्षा डॉक्टरांना त्या उताऱ्यावरून अधिक कळेल. सकाळी बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढण्यासाठी रांग असते, म्हणून लवकर निघावे, आणि भावजयीलाही सोबत न्यावे.