ब्रिटनच्या भूगोलाचे प्रश्न: एकाच प्रश्नाला तीन-तीन उत्तरं का सापडतात?

कोडेकर (प्रश्न)

एका प्रश्नमंजूषेसाठी ब्रिटनचा भूगोल आणि तिथली प्रसिद्ध स्थळं यांवर ४० प्रश्न काढायचे आहेत. उत्तरं ताडून पाहताना दर तिसऱ्या प्रश्नाला अडायला होतं. सर्वांत मोठं सरोवर कोणतं, याला एका ठिकाणी लॉख लोमंड, दुसरीकडे लॉख नेस आणि तिसरीकडे 'लॉख ने' असं मिळालं. शेवटचा मुद्रणदोष वाटला, पण तो दोन ठिकाणी सारखाच कसा होईल? सर्वांत लांब नदी कुठे सेव्हर्न, कुठे टेम्स. बेन नेव्हिसची उंची १३४४ मीटर की १३४५? बिग बेन म्हणजे घड्याळ, मनोरा की घंटा? यूके, ग्रेट ब्रिटन आणि इंग्लंड हे शब्द तर सर्रास एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात. मागाहून कुणी आक्षेप घेतला तरी उत्तर टिकायला हवं. प्रश्न कसे लिहावेत आणि कुठे जपावं?

अक्षवृत्त

आधी नावांचा घोळ निस्तरा, बाकीचे निम्मे घोळ त्यातूनच निघतात.

ग्रेट ब्रिटन हे बेटाचं नाव आहे. त्यावर इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स. यूके हे देशाचं नाव, आणि त्यात या तिघांखेरीज उत्तर आयर्लंडही येतं. १७०७ साली इंग्लंड आणि स्कॉटलंडची राज्यं एक होऊन ग्रेट ब्रिटनचं राज्य झालं. वेल्स तोवर इंग्लंडला जोडलेलंच होतं. १८०१ मध्ये आयर्लंड सामील झालं, १९२२ मध्ये त्याचा मोठा भाग वेगळा झाला, आणि १९२७ च्या कायद्यानंतर 'युनायटेड किंग्डम ऑफ ग्रेट ब्रिटन अँड नॉर्दर्न आयर्लंड' हे आजचं नाव रूढ झालं. म्हणजे 'यूकेतलं सर्वांत मोठं अमुक' आणि 'ग्रेट ब्रिटनमधलं सर्वांत मोठं अमुक' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. उत्तर आयर्लंड मोजायचं की नाही, एवढाच फरक, पण त्यावर उत्तर पालटतं.

आयल ऑफ मॅन, जर्सी आणि गर्न्सी यूकेत धरू नका. ते राजाच्या अधिपत्याखालचे प्रदेश आहेत, त्यांचं विधिमंडळ आणि करव्यवस्था वेगळी, संरक्षण मात्र यूकेकडे.

उत्तर आयर्लंडला अल्स्टर म्हणण्याची पद्धत आहे, पण प्रश्नात तसं लिहू नका. अल्स्टर या जुन्या प्रांतात नऊ काउंटी, उत्तर आयर्लंडमध्ये त्यांपैकी सहाच. उरलेल्या तीन आयर्लंडच्या प्रजासत्ताकात आहेत आणि त्यांपैकीच डोनेगलमध्ये मॅलिन हेड आहे, आयर्लंड बेटाचं उत्तर टोक. म्हणजे 'उत्तर' आयर्लंडपेक्षाही उत्तरेला दुसऱ्या देशाची जमीन आहे. प्रश्न म्हणून हा फार सुरेख आहे, जरूर घ्या.

झेंड्याचाही एक प्रश्न होतो. यूकेच्या झेंड्यात, म्हणजे युनियन फ्लॅगमध्ये, सेंट जॉर्ज (इंग्लंड), सेंट अँड्र्यू (स्कॉटलंड) आणि सेंट पॅट्रिक (आयर्लंड) यांचे क्रॉस आहेत, वेल्सचं काहीच नाही.

पाणलोट

सरोवरांचं सांगतो. 'लॉख ने' हा मुद्रणदोष नाही! उत्तर आयर्लंडमधल्या त्या सरोवराच्या नावाचा उच्चार तसाच आहे. देवनागरीत 'ने' आणि 'नेस' यांत एकाच अक्षराचा फरक असल्यामुळे तपासणारा हमखास 'स' जोडून टाकतो आणि अचूक उत्तर चुकीचं होतं. उत्तरपत्रिकेत त्याच्यापुढे 'उत्तर आयर्लंड' असं लिहूनच ठेवा.

तुम्हाला मिळालेली तिन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत. लॉख ने क्षेत्रफळानं यूकेत पहिलं, सुमारे ३९० चौरस किलोमीटर. ग्रेट ब्रिटन बेटापुरतं क्षेत्रफळ पाहिलं तर लॉख लोमंड, सुमारे ७१ चौरस किलोमीटर. आणि पाण्याचा साठा मोजला तर लॉख नेस. त्याचा पृष्ठभाग लोमंडहून लहान, पण खोली २३० मीटरच्या आसपास, त्यामुळे इंग्लंड आणि वेल्समधल्या सगळ्या सरोवरांच्या एकत्रित पाण्यापेक्षा त्यात जास्त पाणी आहे. सर्वांत खोल मात्र नेस नव्हे, लॉख मोरार, ३१० मीटर. सर्वांत लांब लॉख ऑ, जवळजवळ ४१ किलोमीटर. इंग्लंडपुरतं विचारलं तर विंडरमिअर, वेल्समधलं सर्वांत मोठं नैसर्गिक सरोवर लिन टेगिड, म्हणजे बाला. 'नैसर्गिक' हा शब्द गाळू नका, धरणांचे जलाशय आले की आकडे बदलतात.

म्हणून नुसतं 'सर्वांत मोठं' कधीच लिहू नये. क्षेत्रफळ, लांबी, खोली की पाणी, ते लिहा आणि कुठल्या प्रदेशात तेही लिहा.

नद्यांचंही असंच. सेव्हर्न ३५४ किलोमीटर, टेम्स ३४६. फरक जेमतेम आठ किलोमीटरांचा. सेव्हर्न वेल्समध्ये प्लिनलिमनच्या डोंगरात उगम पावते, श्रूजबरी, वुस्टर, ग्लॉस्टरवरून ब्रिस्टल खाडीला मिळते, म्हणून ती यूकेतली सर्वांत लांब. टेम्सचा उगम ग्लॉस्टरशरमध्ये केंबल गावाजवळ, आणि ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत इंग्लंडमध्येच राहते. 'संपूर्णपणे इंग्लंडमधून वाहणारी' असं लिहिलंत तर उत्तर टेम्स, तो एक शब्द गाळलात की भांडण. आणि 'ब्रिटिश बेटांवरची' असं लिहिलंत तर दोन्ही बाद होऊन आयर्लंडची शॅनन पुढे येते, सुमारे ३६० किलोमीटर. नवख्या प्रश्नकर्त्याचं पाऊल नेमकं इथे घसरतं.

शिखरं सोपी आहेत. स्कॉटलंडमध्ये बेन नेव्हिस, वेल्समध्ये स्नोडन १०८५, इंग्लंडमध्ये स्कॉफेल पाइक ९७८, उत्तर आयर्लंडमध्ये स्लीव्ह डॉनर्ड, ८५० मीटरच्या घरात. बेन नेव्हिसचं २०१६ मध्ये नव्यानं मोजमाप झालं. आकडा आला १३४४.५२७, म्हणून पूर्णांकात तो १३४५ झाला. डोंगर वाढलेला नाही, मोजणी नेमकी झाली. जुन्या छापील पुस्तकातला १३४४ एखाद्यानं सांगितला तर तो ग्राह्य धरा, आणि पर्याय देणार असाल तर हे दोन आकडे एकाच प्रश्नात देऊ नका. स्नोडनचं वेल्श नाव अर विद्वा. २०२२ मध्ये तिथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या प्राधिकरणानं वेल्श नावंच वापरायचं ठरवलं, तेव्हा हेही उत्तर बरोबर धरावं लागेल.

दगडविटा

वास्तूंबद्दल लिहिते.

बिग बेन हे मूळ नाव मनोऱ्यातल्या मोठ्या घंटेचं. वजन १३.७ टन. घड्याळ आणि घंटा दोन्ही १८५९ मध्ये सुरू झाली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात घंटेला तडा गेला, कारण हातोडा प्रमाणाबाहेर जड होता. मग घंटा थोडी फिरवून न तडकलेली बाजू हातोड्यासमोर आणली आणि हातोडा हलका केला. तडा आजही तसाच आहे. मनोऱ्याचं नाव आधी नुसतं 'क्लॉक टॉवर' होतं. २०१२ मध्ये राणीच्या राज्यारोहणाला ६० वर्षं झाली तेव्हा ते 'एलिझाबेथ टॉवर' झालं. बोलताना सगळ्यालाच बिग बेन म्हणतात आणि त्यात चूक म्हणण्यासारखं काही नाही. म्हणून प्रश्न 'बिग बेन हे मूळ नाव कशाचं?' असा लिहा. 'बिग बेन म्हणजे काय?' असं विचारलं तर तिन्ही उत्तरांना गुण द्यावे लागतील.

चित्रावरून ओळखायचे प्रश्न असतील तर पहिली तपासणी पुलाची करा. दोन दगडी मनोरे आणि मध्ये वर उचलले जाणारे रस्त्याचे दोन भाग असतील तर तो टॉवर ब्रिज, १८९४ चा. लंडन ब्रिज त्याच्या वरच्या अंगाला आहे, साधा काँक्रीटचा, १९७३ मध्ये खुला झालेला. त्याच्या आधीचा १८३१ चा पूल १९६८ मध्ये अमेरिकेत विकला गेला आणि त्याचे दर्शनी दगड क्रमांक घालून ॲरिझोनातल्या लेक हवासू सिटीत पुन्हा रचले गेले. विकत घेणाऱ्याला टॉवर ब्रिज हवा होता आणि त्याची फसगत झाली, ही गोष्ट फार फिरते. तिला आधार नाही, प्रश्नात घेऊ नका.

वेस्टमिन्स्टर नावाच्या तीन इमारती वेगळ्या ठेवा: पॅलेस ऑफ वेस्टमिन्स्टर म्हणजे संसद, ॲबी म्हणजे जिथे १०६६ पासून राज्याभिषेक होत आले ते चर्च, आणि वेस्टमिन्स्टर कॅथेड्रल हे रोमन कॅथलिकांचं.

लंडनचा तपशील पुष्कळांना ठाऊक नसतो. 'सिटी ऑफ लंडन' हा जेमतेम तीन चौरस किलोमीटरांचा जुना भाग. सेंट पॉल्स आणि बँक ऑफ इंग्लंड त्यात आहेत. संसद आणि बकिंगहॅम पॅलेस 'सिटी ऑफ वेस्टमिन्स्टर'मध्ये, आणि टॉवर ऑफ लंडन सिटीच्या हद्दीबाहेर, टॉवर हॅम्लेट्समध्ये. विंडसर कॅसल तर लंडनमध्येच नाही, बर्कशरमध्ये आहे.

स्टोनहेंजच्या दगडांबद्दल जुनी टिपणं वापरू नका. लहान निळसर दगड वेल्समधल्या प्रेसेली टेकड्यांतले, हे पूर्वीपासून माहीत आहे. मोठे सारसन दगड सुमारे २५ किलोमीटरवरच्या वेस्ट वुड्समधले, हे २०२० मध्ये पुढे आलं. आणि मध्यभागी पडलेला अल्टर स्टोन वेल्सचा नसून ईशान्य स्कॉटलंडमधला, हे २०२४ मध्ये. 'दगड कुठून आणले?' एवढंच विचारलंत तर उत्तरं तीन. कोणते दगड, ते सांगा.

कोडेकर

फार उपयोग झाला, मनापासून आभार. निम्मे प्रश्न पुन्हा लिहिले. प्रश्न मोठ्यानं वाचले जाणार आहेत, त्यामुळे उच्चारांची धास्ती आहे. आणि हे तीन बघाल का? एक, हेड्रियनची भिंत कोणत्या दोन देशांच्या सीमेवर आहे? दोन, लँड्स एंड हे ग्रेट ब्रिटनचं कोणतं टोक? तीन, ग्रिनिच प्रमाणवेळ वर्षभर पाळणारं शहर कोणतं, उत्तर लंडन.

बोलीभाषा

उच्चारांपुरतं सांगतो. इंग्रजी स्पेलिंग देवनागरीत जसंच्या तसं उतरवलं की चुकतं. लायसेस्टर नव्हे लेस्टर, ग्लॉस्टर, वुस्टर, बिस्टर. पण हा नियम समजू नका, सायरनसेस्टर पूर्णच म्हणतात. एडिंबर्ग नव्हे एडिंबरा. थेम्स नव्हे टेम्स. नॉरविच नव्हे नॉरिच, ग्रीनविच नव्हे ग्रेनिच किंवा ग्रिनिच, मात्र इप्सविचमधला 'व' ऐकू येतो. डर्बी हे गाव डार्बी, रीडिंग हे रेडिंग, साउथवार्क हे सदर्क, आयस्ले बेट हे आयला. शेवटी 'माउथ' दिसलं की 'मथ': प्लिमथ, पोर्ट्समथ.

त्यावरूनच एक चांगला प्रश्न निघतो. प्लिमथ म्हणजे प्लिम नदीचं मुख. वेल्शमधलं 'ॲबर' आणि गेलिकमधलं 'इन्व्हर' यांचाही अर्थ तोच: अस्टविथ नदीच्या मुखाशी ॲबरिस्टविथ, नेस नदीच्या मुखाशी इन्व्हरनेस. तीन भाषा, एकच अर्थ. 'एव्हन नदी कोणत्या शहरातून जाते?' हा प्रश्न मात्र टाळा. वेल्शमध्ये 'अव्हन' म्हणजेच नदी, आणि या नावाच्या बऱ्याच नद्या आहेत. विचारायचंच असेल तर स्ट्रॅटफर्ड किंवा बाथ असं गाव देऊन नदी विचारा.

अक्षवृत्त

तिन्ही प्रश्न बदलावे लागतील.

हेड्रियनची भिंत कुठल्याच सीमेवर नाही. इ.स. १२२ मध्ये बांधायला सुरुवात झाली तेव्हा इंग्लंडही नव्हतं आणि स्कॉटलंडही. ११७ किलोमीटरांची ही भिंत सबंध आजच्या इंग्लंडमध्येच आहे. पश्चिम टोकाला सीमा अगदी जवळ येते, पण पूर्वेला ती १०० किलोमीटरांहून जास्त उत्तरेला आहे. 'कोणत्या देशात' असं विचारा. स्कॉटलंडमधली रोमन भिंत हवी असेल तर ती अँटोनाइनची.

लंडन ग्रिनिच वेळ फक्त हिवाळ्यात पाळतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. तो प्रश्न काढूनच टाका.

लँड्स एंड हे इंग्लंडच्या मुख्य भूमीचं पश्चिम टोक आहे, ग्रेट ब्रिटनचं नव्हे. ग्रेट ब्रिटनचं पश्चिम टोक स्कॉटलंडमधल्या आर्डनामर्खन द्वीपकल्पावर, लँड्स एंडपेक्षा बरंच पश्चिमेला. दक्षिण टोक लिझर्ड पॉइंट. पूर्वेचं लोस्टॉफ्टचं नेस पॉइंट. आणि उत्तरेचं टोक जॉन ओ'ग्रोट्स नव्हे, त्याच्या पश्चिमेचं डनेट हेड. लँड्स एंड ते जॉन ओ'ग्रोट्स हा रस्त्यानं सुमारे १४०० किलोमीटरांचा प्रवास सायकलस्वारांत प्रसिद्ध आहे, त्यामुळे ही दोन टोकं दक्षिण-उत्तर म्हणून डोक्यात बसलेली असतात. लिहा असं: 'ग्रेट ब्रिटनच्या मुख्य भूमीचं सर्वांत उत्तरेकडचं टोक कोणतं?' 'मुख्य भूमी' राहू द्या. नुसतं यूके लिहिलंत तर उत्तर शेटलंड बेटांच्या उत्तर टोकाचा आउट स्टॅक हा खडक येईल.