सिव्हिल राइट्स कायदा कोणाचा, केनेडीचा की जॉन्सनचा?

बर्डीवाला: सीताबर्डीच्या अभ्यासिकेत बसून अमेरिकेचा इतिहास वाचून राहिलो. काळ्या लोकांशी होणाऱ्या भेदभावावर बंदी घालणाऱ्या १९६४ च्या सिव्हिल राइट्स कायद्याला कुठं केनेडीचं नाव तर कुठं त्याच्यानंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन्सनचं. पण राष्ट्राध्यक्षाला तर काँग्रेसमध्ये मतच नसते ना, मग नुसती सही केली का? मी म्हटलं सहीच, मित्र म्हणते नाही, तर्री-पोह्यांची पैज लागली आहे.

रिकामटेकडा: सही तर सगळ्यात शेवटी, २ जुलै १९६४ ला. केनेडीनं बिल आणलं जून १९६३ मध्ये, अन् नोव्हेंबरात त्याची हत्या झाली तेव्हा ते हाउसच्या (काँग्रेसच्या खालच्या सभागृहाच्या) रूल्स कमिटीत, म्हणजे कोणतं बिल चर्चेला येईल हे ठरवणाऱ्या समितीत, अडकून होतं, तिथला चेअरमन हॉवर्ड स्मिथ सरकूच देईना. जॉन्सननं पाचव्या दिवशी काँग्रेससमोर सांगितलं की केनेडीची आठवण ठेवायची असेल तर हे बिल पास करा. स्वतः सिनेटचा (वरच्या सभागृहाचा) मेजॉरिटी लीडर, म्हणजे बहुमतवाल्या पक्षाचा नेता राहिलेला माणूस, कोणाला कसं वळवायचं पक्कं ठाऊक, सारखा फोनवर!

मिहान_नाइटशिफ्ट: फोन फोन काय करून राहिले भाऊ. सिनेटमध्ये जॉन्सनच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे दक्षिणेतले लोक बोलत बसले, बिल मतदानालाच येऊ देईनात. भाषणं बंद करायला ६७ मतं लागत होती, म्हणजे रिपब्लिकनांशिवाय गाडी हलणारच नव्हती. जॉन्सनची हुशारी ही की आपल्या पक्षाचा सिनेटर हम्फ्रीला रिपब्लिकन नेता डर्कसनच्या मागं लावलं, श्रेय डर्कसनला घेऊ दिलं अन् स्वतः बाजूला राहिला. १० जूनला ७१ विरुद्ध २९. त्या दिवशी क्लेअर एंगल नावाच्या सिनेटरला व्हीलचेअरवर आणलं होतं, मेंदूत ट्यूमर, वाचा गेलेली. नाव पुकारल्यावर त्यानं डोळ्याकडे बोट दाखवलं. इंग्रजीत डोळा पण ‘आय’ अन् होकार पण ‘आय’. हे वाचून मी दोन मिनिटं गप्पच बसलो.

पोहेप्रेमी: अन् अमेरिकेच्या दक्षिणेतलं बर्मिंगहॅम? मे १९६३ मध्ये तिथं भेदभावाविरुद्धच्या मोर्च्यातल्या काळ्या शाळकरी पोरांवर पोलिसांनी पाण्याचे फवारे मारले, कुत्रे सोडले, ते टीव्हीवर दिसलं तेव्हा केनेडी हलला, त्याआधी टाळाटाळच चालली होती. दीक्षाभूमीच्या गावात राहून हे काऊन विसरता? आपल्याकडे तर हिंदू कोड बिलाला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांचाच विरोध होता, अन् ते रखडलं म्हणून बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं.

बर्डीवाला: आत्ता वाचलं, जॉन्सननं त्या एका सहीला सत्तरच्या वर पेन वापरले अन् वाटून टाकले, काळ्यांच्या चळवळीचा नेता मार्टिन ल्यूथर किंगला, डर्कसनला, हम्फ्रीला. मित्राला दाखवलं तर म्हणते, उद्या सकाळी ये, तर्री जास्त घेईन.