शिकारी माशांचा खाऱ्या पाण्याचा टँक, कमी मेन्टेनन्समध्ये जमेल का?

पुणेरी_ऑस्कर

नमस्कार मंडळी. गोड्या पाण्यातले मोठे मासे बरीच वर्षं पाळतोय, ऑस्कर, अरोवाना सगळं झालं, आता मरीन करायचंय. कोरल (प्रवाळ) नकोत, तेवढा लाइटचा खर्च आणि सततची टेस्टिंग झेपणार नाही. मला आवडतात ते शिकारी मासे, म्हणजे लायनफिश, स्नोफ्लेक ईल (वामीसारखा लांब मासा), एखादा नायजर ट्रिगर, पँथर ग्रुपर, आणि दुकानदार म्हणतोय बांबू शार्कचं अंडंपण मिळवून देतो. टँक ४ बाय २ बाय २ फूट, खाली संप (फिल्टर-पंपाची दुसरी टाकी) करता येईल, घर तिसऱ्या मजल्यावर. अडचण अशी की कामासाठी दर महिन्याला आठ-दहा दिवस बाहेरगावी असतो, घरी आई एकटीच, तिला टँकमध्ये हात घालायला लावणार नाही. तर हे कितपत जमेल? आणि अलिबागहून समुद्राचंच पाणी कॅनमध्ये भरून आणलं तर मिठाचा खर्च वाचेल का?

खारंपाणी_ठाणे

जमेल दादा, पण यादी अर्ध्याहून कमी करा. तुमचा टँक १६ घनफूट म्हणजे साधारण ४५० लिटर, दगड-वाळू गेली की पाणी चारशेच्या आतबाहेर. पँथर ग्रुपर दुकानात दोन-तीन इंचाचा ठिपकेवाला गोंडस दिसतो, तो सव्वादोन फुटांपर्यंत वाढतो. बांबू शार्क तीन फुटांचा होतो आणि तुमच्या टँकची रुंदीच दोन फूट, त्याने वळायचं कुठे? अंडं घेऊ नका, कृपया. ट्रिगर लायनफिशचे पंख कुरतडतो, बिचारा लायन संथ असतो, त्याला पळता येत नाही. उरला एक लायनफिश आणि एक स्नोफ्लेक ईल, आणि खरं सांगतो ४५० लिटरला एवढंच भरपूर आहे.

कमी मेन्टेनन्स हवा असेल तर तो इथूनच येतो. मासे कमी, पाणी जास्त, खाणं आठवड्यातून दोन-तीनदाच. शिकारी मासा एका वेळी भरपूर खातो आणि तेवढीच घाणही करतो, त्यामुळे नायट्रेट (घाण कुजून शेवटी पाण्यात साठतं ते) भराभर चढतं. पाच शिकारी मासे घालून वर कितीही महागडी मशीन लावलीत तरी दर आठवड्याला बादल्या उचलाव्याच लागतील.

आता पैसे कुठे घालायचे. पहिलं म्हणजे प्रोटीन स्किमर, टँकच्या दुप्पट लिटरच्या रेटिंगचा घ्या, इथे काटकसर नको. बारीक बुडबुड्यांना चिकटून घाण वर येते आणि कपात कोऱ्या चहासारखं वास मारणारं पाणी जमतं, ते सगळं नायट्रेट व्हायच्या आधीच बाहेर गेलेलं असतं. तुम्ही बाहेरगावी जाणार म्हणून कपाच्या नळीला खाली झाकणाचा मोठा कॅन जोडा, नाहीतर कप भरला की घाण परत संपमध्येच सांडेल. दुसरं म्हणजे ऑटो टॉप-अप, उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र. पाणी उडतं पण मीठ उडत नाही, म्हणून जेवढं उडालं तेवढं साधं आरओचं पाणी घालायचं, खारं नाही. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात पंखे लावले तर दिवसाला सहज पाच-सात लिटर उडेल, म्हणजे दहा दिवसांसाठी ७० लिटरची टाकी ठेवा. पंख्याने पाणी दोन-तीन डिग्री उतरतं, पुण्यात तेवढ्यावर बरंच भागेल, आमच्याकडे ठाण्यात दमट हवेत पंखा फार काही करत नाही, चिलरच लागतो. पाणी २४ ते २७ डिग्रीत ठेवायचं. पण घरी कोणी बघणारं नसताना एप्रिल-मे काढायचे असतील तर मी म्हणेन पुण्यातही चिलर घ्याच, तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो आणि मोठे मासे आधी दगावतात.

अलिबागचं पाणी नको. किनाऱ्याजवळ गाळ, सांडपाणी, बोटींचं तेल, काय येईल सांगता येत नाही आणि दरवेळी क्षारता वेगळी. मरीन सॉल्ट मिक्सच वापरा, लिटरला साधारण ३५ ग्रॅम, फक्त माशांच्या टँकला थोडं कमी म्हणजे १.०२२ ते १.०२४ स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (साध्या पाण्याच्या तुलनेत घनता) चालते. आणि पाणी घरच्या आरओचं घेणार असाल तर आधी टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घालून बघा, कारण पिण्याच्या आरओत चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी परत मिसळतात, तो टीडीएसचा व्हॉल्व पूर्ण बंद करून घ्या.

वजनाचंही बघा, पाणी, काच, दगड, स्टँड मिळून सहाशे किलोच्या वर जातं. टँक बीमवर, भिंतीलगत येईल असा लावा, खोलीच्या मधोमध नको.

रत्नागिरीची_मीन

वरच्या दादांनी बहुतेक सगळं सांगितलंय, माझे दोन मुद्दे, दोन्ही महत्त्वाचे.

एक म्हणजे लाइव्ह रॉक, म्हणजे बॅक्टेरिया आणि बारीक जीव वसलेला समुद्री दगड. दुकानदार समुद्रातून काढलेला दगड गळ्यात मारायला बघेल, घेऊ नका. कोरल आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत आणि अशा दगडावर जिवंत किंवा मेलेलं कोरल असतंच. सी-हॉर्स आणि सी-ककंबरही त्याच कायद्यात येतात, कोणी दाखवले तर हात जोडून निघा. सिरॅमिक किंवा कोरडा कृत्रिम रॉक घ्या, त्यावर बॅक्टेरिया बसायला चार ते सहा आठवडे द्या. एक कच्ची कोळंबी टाकून ठेवली की अमोनिया तयार होतो, मग नायट्राइट, मग नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत एकही मासा आणू नका. खाऱ्या पाण्याचा पीएच ८ च्या वर असतो आणि तिथे तेवढाच अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा जास्त विषारी ठरतो, म्हणून ऑस्करच्या टँकमध्ये जे खपून गेलं ते इथे खपणार नाही.

दुसरा म्हणजे काटा. लायनफिशच्या पाठीवरच्या काट्यांत विष असतं, पोटाकडच्या पंखांतही. आई घरात आहेत म्हणून मुद्दाम लिहितेय. काटा लागला तर सोसवेल एवढ्या गरम पाण्यात, म्हणजे ४५ डिग्रीच्या आसपास, हात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा, हे विष उष्णतेने निकामी होतं आणि कळ कमी होते. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या, बऱ्या हाताने बघा, ठणकणाऱ्या हाताला अंदाज येत नाही आणि कातडी भाजते. वर दोरी-फडकं करकचून बांधू नका. नंतर डॉक्टरकडे जायचंच, आणि श्वास लागला, चक्कर आली, अंगावर गांधी उठल्या तर गरम पाण्यात वेळ न घालवता सरळ हॉस्पिटल. हे कागदावर लिहून टँकच्या बाजूला चिकटवा. काच पुसताना लायन कुठे आहे ते आधी बघायचं आणि लांब दांड्याचा ब्रश वापरायचा.

पुणेरी_ऑस्कर

खूप खूप आभार दोघांचे. शार्क आणि ग्रुपर कॅन्सल, ट्रिगरपण. आईला काट्याचं वाचून दाखवलं, ती म्हणाली मी टँकच्या जवळच जाणार नाही 🙏 आता खाण्याचं सांगा, ऑस्करला गोल्डफिश द्यायचो तसे लायनला चालतील का? आणि दहा दिवस उपाशी राहतील का हे दोघं?

कोळंबी_मालवण

गोल्डफिश अजिबात नको भाऊ. त्यात थायमिनेज असतं, ते शरीरातलं बी-वन जीवनसत्त्व मोडतं, आणि गोड्या पाण्यातल्या माशाची चरबीही समुद्री माशाला मानवत नाही, लिव्हर खराब होतं. मासा वर्षभर टुणटुणीत दिसतो आणि मग एक दिवस खाणं सोडतो.

बाजारातलंच द्या. कोळंबी, म्हाकुल (स्क्विड), तिसऱ्यांचं म्हणजे शिंपल्यांचं मांस, छोट्या समुद्री माशाचे तुकडे, आलटून पालटून. एकच एक गोष्ट देत राहू नका, कच्च्या कोळंबीतही काही जातींत तेच थायमिनेज सापडतं, म्हणून अधूनमधून व्हिटॅमिनचे थेंब लावून द्या. मीठ लावलेलं किंवा बर्फात दोन दिवस पडलेलं नको. ताजं आणा, धुवा, एका वेळेपुरत्या पुड्या करून फ्रीझरमध्ये टाका.

नवीन लायनफिश सहसा मेलेलं खात नाही, त्याला हलणारं भक्ष्य दिसावं लागतं. पारदर्शक ॲक्रिलिकच्या काडीला कोळंबीचा तुकडा खोचून त्याच्या तोंडापुढून हळूहळू तिरका ओढायचा, थांबवायचा, पुन्हा ओढायचा. तो आधी पंख पसरून तुकड्याला कोपऱ्यात रेटल्यासारखं करतो, मग तोंड पुढे काढतो आणि गप्पकन आत. सुरुवातीला तोंडात घेऊन थुंकेलही, धीर धरा. काही अडूनच बसतात, त्यांना आधी जिवंत छोटी कोळंबी द्यायची आणि मग हळूहळू मेलेल्यावर आणायचं. दुकानात तुमच्या डोळ्यांसमोर फ्रोझन खाल्लं तरच मासा घ्या, निम्मी डोकेदुखी तिथेच संपते. ईलला दिसतं कमी पण वास जबरदस्त येतो, तिला लांब चिमट्याने द्या, बोटाने कधीच नाही.

उपाशी राहण्याचं म्हणाल तर वाढलेला, नीट खाणारा लायन आणि ईल आठ-दहा दिवस आरामात काढतात. पिल्लं नाही काढत, म्हणून फार लहान घेऊ नका, आणि पहिले दोन-तीन महिने टूर कमी करता आली तर बघा. आईंना खाणं टाकायला अजिबात सांगू नका, उरलेला तुकडा दगडामागे सडला की चारशे लिटर पाणी नासतं.

खारंपाणी_ठाणे

+१ वरच्याला. शेवाळासाठी कोणी फॉक्सफेस घ्या म्हणेल. मासा छान आहे, लायनसोबत राहतोही, पण तो शाकाहारी, त्याला रोज नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) लागते, तुमच्या टूरमध्ये ते बसत नाही. लाइट पाच-सहा तासांवर टायमरने ठेवा, शेवाळ आपोआप कमी राहील. खेकडे साफसफाईला आणू नका, ईल खाऊन टाकेल. पाणी महिन्यातून दोनदा ७०-८० लिटर बदलायचं, टूरवर निघायच्या आदल्या दिवशी नाही तर दोन-तीन दिवस आधी, काही बिनसलं तर तुम्ही घरात असायला हवं. लाइट जाते तेव्हासाठी बॅटरीचा एअर पंप लावून ठेवा, आपोआप चालू होणारा. आणि रिटर्न पंप (संपमधलं पाणी परत वर चढवणारा) बंद पडल्यावर वरचं किती पाणी संपमध्ये उतरतं ते पहिल्याच दिवशी स्वतः स्विच बंद करून बघा, तेवढी जागा संपमध्ये कायम रिकामी पाहिजे.

पुणेरी_ऑस्कर

झाकणाचं शेवटचं विचारतो. वर काचेचं झाकण आहे, पाइपसाठी मागे दीड इंचाची खाच ठेवलीय, चालेल ना?

कोळंबी_मालवण

नाही चालणार. स्नोफ्लेक ईल तेवढ्यातून रात्री बाहेर येते आणि सकाळी सोफ्याखाली वाळलेली सापडते. डोकं जिथून जाईल तिथून अख्खी ईल जाते. पाइपभोवती स्पंज दाबून बसवा, ओव्हरफ्लोच्या तोंडालाही जाळी लावा कारण ती तिथून संपमध्ये उतरते, आणि झाकणावर वजन ठेवा कारण ती ढकलतेपण. जाळी प्लास्टिकची घ्या, साधी लोखंडी-स्टीलची खाऱ्या पाण्यात गंजते.