स्टोनफिशच्या काट्यावर बर्फ नको

एकांनी लिहिलंय की स्टोनफिश हा समुद्रातला विषारी मासा माणसावर हल्ला करतो, आणि त्याचा काटा लागला तर बर्फ लावावा. कृपया बर्फ लावू नका. या माशाचं विष प्रथिनांचं असतं आणि उष्णतेने त्याचा जोर मोडतो. म्हणून जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात, जास्तीत जास्त ४५ अंश सेल्सिअस, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवतात. पाणी आधी दुसऱ्या कुणीतरी हाताने तपासावं, वेदनेने कळवळणाऱ्याला भाजलेलंही कळत नाही. आणि दवाखाना गाठायचाच. प्रतिविष आहे, ऑस्ट्रेलियात ते १९५९ पासून वापरात आहे.

'माणसावर हल्ला करतो' हेही पटत नाही. पाठीवरचे १३ काटे निव्वळ बचावासाठी असतात. प्रत्येकाला विषाच्या दोन ग्रंथी, आणि दाब पडला की विष जखमेत उतरतं. शिकारीत विषाचा संबंधच नाही: तो तळाशी दगडासारखा पडून राहतो, अंगावर शेवाळही वाढतं, आणि छोटा मासा जवळ आला की क्षणार्धात गिळतो. किती विलक्षण जीव आहे हा!

प्रवाळाजवळच्या उथळ पाण्यात जाड, टणक तळव्याचेच बूट घाला, पातळ तळवा काटा सहज भेदतो. ओहोटीला उघड्यावर राहिलेला स्टोनफिशही कित्येक तास जिवंत असतो, त्याला हात लावू नका.