लिव्हरपूल दोन दिवसांत: बीटल्सचे चार चित्रपट यायच्या आधी काय बघावं?

खर्जातला_सा

सॅम मेंडिस बीटल्सवर एक नाही, चार चित्रपट काढतोय, चौघांपैकी (जॉन, पॉल, जॉर्ज, रिंगो) प्रत्येकाच्या नजरेतून एक. चारही एप्रिल २०२८ मध्ये येणार आहेत. त्याआधी लिव्हरपूल बघून घ्यायचंय. मे महिन्यात लंडनला जाणं होतंय, त्यातले दोन दिवस काढता येतील. सोबत आईबाबा (साठी उलटलेले) आणि चौदा वर्षांची पुतणी. पुतणीचा जीव चित्रपटात पॉल मॅकार्टनी होणाऱ्या पॉल मेस्कलमध्ये अडकलाय, बीटल्स तिला त्याच्यामुळे कळले.

१) संग्रहालयं तीन दिसताहेत: अल्बर्ट डॉकवरचं ‘द बीटल्स स्टोरी’, मॅथ्यू स्ट्रीटवरचं ‘लिव्हरपूल बीटल्स म्युझियम’ आणि ‘ब्रिटिश म्युझिक एक्स्पिरियन्स’. तिन्ही करावीत का?
२) ‘मॅजिकल मिस्टरी’ बसमधून जॉन आणि पॉलची घरं दाखवतात म्हणे. मग वेगळं काही बुक करायला नको ना?

जाणकारांनी मार्गदर्शन करावं. आगाऊ आभार.

---

डॉकवरचा_कावळा

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त लोक तिथेच फसतात. ती रंगीत बस साधारण दोन तास फिरवते. घरं बाहेरून दाखवते, काही ठिकाणी फोटोसाठी थांबते, पण आत नेत नाही. जॉनचं ‘मेंडिप्स’ (२५१ मेनलव्ह अॅव्हेन्यू) आणि पॉलचं २० फोर्थलिन रोड ही दोन्ही घरं नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहेत. आत जायचं तर ट्रस्टच्याच मिनीबसने. एका फेरीत मोजकीच माणसं घेतात, आणि दारात जाऊन तिकीट मिळत नाही. हिवाळ्यात घरं बंद असतात, मे महिन्यात अडचण नाही. आधी ही फेरी बुक करा, मग रेल्वे, मग हॉटेल. उलट्या क्रमाने गेलात तर नेमकी तुमच्या दोन दिवसांतली फेरी भरलेली निघेल. ही मिनीबस कुठून सुटते ते तिकिटावर नीट वाचा, डॉकवर उभं राहून वाट बघू नका.

आत फोटो काढू देत नाहीत. पुतणीला आधीच सांगून ठेवा.

बघायचं काय? फोर्थलिन रोडच्या पुढच्या खोलीत भिंतींचा कागद बघा. एकाच खोलीत वेगवेगळ्या नक्षीचा, कारण रोलचे उरलेले तुकडे स्वस्तात मिळायचे. जमिनीवरचा गालिचाही पट्ट्या जोडून केलेला. हे नगरपालिकेचं चाळवजा घर, आणि याच खोलीत जॉन-पॉल शाळा बुडवून गाणी रचत बसायचे. तिथून मेंडिप्सला गेलं की पुढे बाग, दाराला काचेची पडवी. मिमी मावशी जॉनला गिटार घेऊन त्या पडवीत पिटाळायची. ‘वर्किंग क्लास हीरो’ म्हणवणाऱ्याचं घर चौघांत सगळ्यात सुखवस्तू होतं, हे दोन्ही घरं पाठोपाठ बघितल्याशिवाय पटत नाही.

---

बी_साइड

संग्रहालयांबद्दल. तिन्ही करू नका, दुसऱ्या दिवशी पाय बोलायला लागतात.

‘द बीटल्स स्टोरी’ १९९० पासून आहे. ऑडिओ गाइड तिकिटातच मिळतो. तिथलं बरंचसं नकली उभं केलेलं आहे: कॅव्हर्न (ते सुरुवातीला वाजवायचे तो क्लब), अॅबी रोड स्टुडिओ, पिवळी पाणबुडी. ज्याला कथाच माहीत नाही त्याला ती क्रमाने कळते, म्हणून आईबाबांना आणि पुतणीला हेच. दोन-अडीच तास धरा. सकाळी उघडतं तेव्हाच शिरा. उशीर झाला की गर्दीत प्रत्येक कपाटासमोर ऑडिओ थांबवून उभं राहावं लागतं.

मॅथ्यू स्ट्रीटवरचं संग्रहालय पीट बेस्टच्या सावत्र भावाचं, रोग बेस्टचं. पीट म्हणजे रिंगोच्या आधीचा ड्रमर. तीन मजले: १९५९-६२, १९६३-६६, १९६७-७०. मांडणी साधी, पण अस्सल वस्तू खच्चून. कथा आधीच पाठ असेल तर माझं मत यालाच.

ब्रिटिश म्युझिक एक्स्पिरियन्स क्युनार्ड बिल्डिंगमध्ये. ते फक्त बीटल्सचं नाही, सगळ्या ब्रिटिश पॉपचं आहे. वाद्यं हातात घेऊन वाजवायची सोय आहे, त्यामुळे मुलं रमतात. पाऊस लागला तरच.

---

लोकलपास

बी_साइडशी सहमत, फक्त एक भर. मॅथ्यू स्ट्रीटला जाताय तर कॅव्हर्नबद्दल गैरसमज नको. बीटल्स जिथे १९६१ ते १९६३ मध्ये २९२ वेळा वाजवून गेले ते तळघर १९७३ साली बंद केलं, भुयारी रेल्वेत हवा खेळवायच्या शाफ्टसाठी. आताचं १९८४ चं आहे. जागा बरीचशी तीच, विटाही पुष्कळशा जुन्याच, पण ‘जॉन याच फळीवर उभा होता’ असं कोणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. मूळ दाराची जागा थोडी अलीकडे, रस्त्यावर खूण केलेली आहे. आत दिवसभर कोणी ना कोणी गात असतं. पुतणी असल्यामुळे दुपारीच जा, रात्री लहानांना घेत नाहीत. खाली उतरायला बराच जिना आहे, आईंचे गुडघे कसे आहेत ते बघून ठरवा.

---

खर्जातला_सा

बसचं वेळेत कळलं, नाहीतर फसलोच होतो. म्हणजे पहिल्या दिवशी सकाळी बीटल्स स्टोरी, दुपारी मॅथ्यू स्ट्रीट, दुसऱ्या दिवशी घरं. जॉर्ज आणि रिंगोचं काय? चित्रपट चौघांवर आहेत, घरं दोघांचीच?

---

डॉकवरचा_कावळा

त्या दोघांची घरं बाहेरूनच. जॉर्जचं जन्मघर १२ अर्नोल्ड ग्रोव्ह, २०२४ मध्ये त्यावर निळी स्मृतिपाटी लागली. रिंगोचं जन्मघर ९ मॅड्रिन स्ट्रीट, आणि वाढला तो १० अॅडमिरल ग्रोव्हमध्ये. त्या गल्लीच्या तोंडाशी एम्प्रेस पब आहे, तो रिंगोच्या पहिल्या एकट्याच्या अल्बमच्या मुखपृष्ठावर दिसतो. या साध्या वस्तीतल्या गल्ल्या आहेत. कोणाच्या खिडकीत डोकावू नका. चौघं असाल तर टॅक्सी ठरवा, घासाघीस आधी करा आणि ‘अर्नोल्ड ग्रोव्ह, अॅडमिरल ग्रोव्ह, वूल्टनचं सेंट पीटर्स चर्च’ अशी नावं घेऊन सांगा. नुसतं ‘बीटल्स टूर’ म्हटलं की पेनी लेनची (त्यांच्या गाण्यातला रस्ता) पाटी दाखवून परत आणतात. सेंट पीटर्स सोडू नका, जॉन आणि पॉलची पहिली भेट तिथल्या जत्रेत झाली, ६ जुलै १९५७ ला.

---

लोकलपास

रेल्वे: लंडन यूस्टन ते लिव्हरपूल लाइम स्ट्रीट, सव्वादोन तासांच्या आसपास. स्वस्तातलं ‘अॅडव्हान्स’ तिकीट त्याच गाडीला चालतं, गाडी चुकली की पैसे गेले. रविवारी रुळांची कामं निघतात आणि प्रवास लांबतो, म्हणून रविवारी परतू नका. फुटबॉलचं वेळापत्रक बघून तारीख ठरवा. लिव्हरपूल किंवा एव्हर्टनचा घरचा सामना असला की हॉटेलं दुप्पट मागतात. एप्रिलमध्ये एन्ट्री (Aintree) मैदानावरची घोडाशर्यत, ऑगस्टच्या शेवटी बीटलवीक हा बीटल्सचा उत्सव, तेव्हाही तेच.

---

बी_साइड

आणि जॉर्जचा चित्रपट बघायच्या आधी आपल्याकडचंही बघून घ्या. जानेवारी १९६८ मध्ये त्याने मुंबईत फोर्टातल्या एचएमव्ही स्टुडिओत रेकॉर्डिंग केलं. ‘द इनर लाइट’ या त्याच्या गाण्याचा वाद्यमेळ तिथलाच, बासरी हरिप्रसाद चौरसियांची. स्टुडिओत बाहेरच्या रहदारीचा आवाज शिरायचा. पुढच्याच महिन्यात हृषीकेश, महर्षी महेश योगींचा आश्रम. तो आश्रम आता ‘चौरासी कुटिया’ म्हणून राजाजी व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत आहे, डिसेंबर २०१५ पासून तिकीट काढून बघता येतो. वनखात्याची जागा आहे, संध्याकाळी लवकर बंद होते, म्हणून सकाळीच जा.

लिव्हरपूलमध्ये जुन्या रेकॉर्डच्या दुकानात शिरलात तर बीटल्सचा ‘रिव्हॉल्व्हर’ (१९६६) हा अल्बम उचलून मागची बाजू वाचा. संग्रहालयात कव्हर पुढच्या बाजूने लावलेलं असतं, त्यामुळे हे दिसत नाही. जॉर्जच्या ‘लव्ह यू टू’ या गाण्यासमोर छापलंय: अनिल भागवत, तबला.