दुर्बिणीतून पित्तावर टाके: आधी मोजायचे की आधी शिवायचे?

आडवाट (धागालेखक):
छातीतली जळजळ आणि घशाशी येणारे आंबट पाणी यांसाठी वर्षानुवर्षे उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल घेणाऱ्यांना आता ‘दुर्बिणीतून टाके घाला, गोळी सुटेल’ असा सल्ला मिळू लागला आहे (म्हणजे पोट न कापता, तोंडावाटे दुर्बीण घालून अन्ननलिका आणि जठर यांचा सांधा टाक्यांनी घट्ट करणे). माझा त्याला सरसकट विरोध नाही. मात्र अन्ननलिकेत आम्ल खरोखर किती वेळ राहते, हे चोवीस तासांच्या पीएच तपासणीने मोजल्याशिवाय कुणी या वाटेला जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

या उपचारांचा इतिहास सावध करणारा आहे. अन्ननलिका आणि जठर यांच्या सांध्याचे स्नायू रेडिओलहरींनी तापवणाऱ्या ‘स्ट्रेटा’ला अमेरिकेत २००० साली परवानगी मिळाली, तेथील पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना मात्र त्याची शिफारस करत नाहीत. अन्ननलिकेच्या भिंतीत पॉलिमर टोचणारे ‘एन्टेरिक्स’ २००३ मध्ये आले आणि २००५ मध्ये परत मागवले गेले, कारण सुई भिंतीपलीकडे गेल्याचे लक्षात न येऊन गंभीर इजा झाल्या होत्या, मृत्यूही ओढवला होता.

खारावारा:
असहमत. बाद झालेल्या साधनांचे खापर आजच्या तंत्राच्या माथी फोडणे योग्य नाही. गोळी आम्ल कमी करते, सैल पडलेली झडप घट्ट करत नाही. म्हणून गोळी चालू असतानाही चपलेचा पट्टा लावायला वाकले की जेवण घशाशी येणारे रुग्ण असतात. दुर्बिणीतून जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती दुमडण्याच्या ‘टिफ’ या पद्धतीची २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी नेमकी अशाच रुग्णांवर होती. सहा महिन्यांनी तिच्यातील ६७ टक्के रुग्णांचा हा त्रास थांबला होता, तर लुटुपुटीची प्रक्रिया (प्रत्यक्षात काही न दुमडता केवळ देखावा) करून ओमेप्राझोल ही पॅन्टोप्राझोलसारखीच गोळी दिलेल्यांपैकी ४५ टक्क्यांचा.

आपल्याकडचेच उदाहरण हवे असेल तर हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीने ७० रुग्णांवर पूर्ण जाडीच्या, म्हणजे जठराच्या भिंतीच्या सर्व थरांतून जाणाऱ्या टाक्यांची चाचणी केली. वर्षभरानंतर टाके घातलेल्यांपैकी ६२.८ टक्के, तर लुटुपुटीच्या गटातील ११.४ टक्के रुग्ण गोळीविना होते. हा फरक किरकोळ म्हणता येईल का?

आडवाट:
किरकोळ नाही. पण त्याच चाचणीत तीन महिन्यांनी पीएचच्या आकड्यांत थोडी सुधारणा दिसली आणि बारा महिन्यांनी ज्यांची पुन्हा तपासणी झाली त्यांच्यात ती टिकलेली नव्हती, हेही सांगायला हवे. त्रास थांबला याचा आनंदच आहे. आम्ल थांबले असे मात्र म्हणता येत नाही.

शिवाय गोळीला दाद न देणारी प्रत्येक जळजळ आम्लाचीच असते, असे कुठे आहे? अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील अभ्यासात (२०१९) अशा ३६६ जणांना पोटविकारतज्ज्ञांकडे पाठवण्यात आले होते. त्यांपैकी ४२ जणांना ओमेप्राझोल जेवणापूर्वी, सांगितल्याप्रमाणे घेतल्यावरच बरे वाटले आणि ९९ जणांची जळजळ तपासणीअंती आम्लामुळे नसल्याचे आढळले. या ९९ जणांना टाके घालून काय साधले असते?

ताकभात:
दोघेही एक गोष्ट गृहीत धरता: गोळी सुटायलाच हवी. का? पॅन्टोप्राझोलची १७,५९८ लोकांवर सरासरी तीन वर्षे चाललेली चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत प्लासिबोच्या (औषध नसलेल्या दिखाऊ गोळीच्या) तुलनेत स्पष्टपणे वाढले ते फक्त आतड्यांचे संसर्ग, तेही १.० टक्क्यावरून १.४ टक्क्यांपर्यंत. त्या लोकांना हृदयविकार किंवा पायांच्या रक्तवाहिन्यांचा आजार होता, म्हणजे प्रकृतीने ते धडधाकट नव्हते. ज्यांना गोळीने बरे वाटते त्यांनी केवळ गोळीच्या धास्तीने भूल घेणे मला अनाकलनीय वाटते. (माझी स्वतःची गोळी नऊ वर्षे चालू आहे, तेव्हा पक्षपात गृहीत धरावा.)

खारावारा:
ताकभात यांचा मुद्दा जळजळीपुरता मान्य. पाणी घशाशी येण्याला तो लागू पडत नाही. आडवाट यांच्या अटीबाबत अडचण व्यवहाराची आहे. पीएच तपासणीची सोय लहान शहरांत सहसा नसते आणि नाकातून नळी घालून दिवस काढण्याच्या कल्पनेनेच कित्येक जण माघार घेतात. दुर्बिणीतून व्रण स्पष्ट दिसत असतील, तर त्यांनाही ही तपासणी करायला लावणार का?

आडवाट:
नाही. मोठे व्रण दिसले की निदान झालेच. पण नेमक्या त्याच रुग्णांना, तसेच दोन सेंटिमीटरहून मोठा हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणे) असलेल्यांना, मी वर म्हटलेल्या २०२२ च्या सूचना ‘टिफ’मधून वगळतात. म्हणजे ज्यांना ही प्रक्रिया सुचवली जाते त्यांच्यापैकी बहुतेकांच्या अन्ननलिकेत दुर्बिणीला फारसे काही दिसलेले नसते. त्यांचे निदान नळी घातल्याशिवाय कशाच्या आधारे करायचे, हे मला कुणीतरी सांगावे.